प्रथमोपचार शिकताना : आमच्या गावच्या कामाच्या नोंदी

९ फेब्रुवारी

पारावर बसून ठरलं एकदाचं. गाव चोपडा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी. गाडी दारात उभी असली तरी तालुक्याच्या रुग्णालयाला पाऊण तास, जळगावला दोन तास. तेवढा वेळ माणूस आमच्याच हातात असतो. त्या वेळात आम्ही कांदा हुंगवतो, दोरी करकचून बांधतो, बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओततो. आशाताई ते बघून डोक्याला हात लावते.

गटात आशाताई, रिक्षावाला पोऱ्या, डेअरीवाले आप्पा, भजनी मंडळातले दोघं, बचत गटातल्या दोन वहिनी, आणि जिभाऊ. जिभाऊंचे वडील साप उतरवायचे, आता ते उतरवतात. त्यांना मुद्दाम घेतलं. साप चावला की पहिला निरोप अजून त्यांच्याच ओट्यावर जातो. माझं मोटर वाइंडिंगचं दुकान आहे, वैद्यकीतलं काही येत नाही. नोंदी ठेवायचं काम माझ्याकडे.

पुस्तकाच्या क्रमाने शिकायचं नाही, गावात जे घडतं तेच शिकायचं, असं ठरलं. खताच्या कॅलेंडरच्या मागे यादी केली : ऊन, साप, करंट, विहीर, फवारणीचं विष, कुत्रं, भाजणं, फिट, छातीत दुखणं, घशात अडकणं. हाड मोडणं राहिलं होतं, वहिनींनी लिहायला लावलं.

१६ फेब्रुवारी

पेटी. तालुक्याहून तयार पेटी आणली, साडेसहाशे रुपये. उघडली तर छोट्या पट्ट्यांचा ढीग, आयोडिनची बाटली, कापसाचा गुंडाळा आणि एक कात्री, जिने कागदही धड कापला जात नाही. कोयता लागलेल्या माणसाला यातलं काय लावणार? कापूस जखमेवर ठेवला की तंतू आत चिकटतात आणि रुग्णालयात ते उकरत बसावं लागतं, म्हणून कापूस पहिला बाहेर काढला. कापूस पिकवणाऱ्या गावाच्या पेटीत कापूस नाही म्हणून आप्पा अजून हसतात.

नव्याने भरलेलं : निर्जंतुक गॉजची पाकिटं, दहा आणि पंधरा सेंटिमीटर रुंदीच्या क्रेप पट्ट्या, हातमोजे, साबण, टॉर्च, कपडे कापायची जाड कात्री, ओआरएसची पाकिटं, स्वयंपाकघरातली पातळ प्लॅस्टिक फिल्म, एक घोंगडी, वही आणि पेन. त्रिकोणी पट्ट्या विकत घेतल्या नाहीत. मांजरपाटाचा मीटरभर चौकोन कोपऱ्यातून कोपऱ्यात कापला की दोन होतात, वहिनींनी कडा शिवून दिल्या. सगळं मिळून बाराशेच्या आसपास गेले. आधीचे साडेसहाशे जवळजवळ वाया.

२३ फेब्रुवारी

छाती दाबायचा सराव. सरावाचा पुतळा फार महाग, म्हणून खाटेवर गोधडीची वळकटी ठेवून सुरुवात केली. काही उपयोग नाही. दाबलं की खाटच खाली जाते, छाती किती दबली ते कळत नाही. खऱ्या माणसाचंही तसंच होणार, म्हणून पहिला नियम : माणूस खाटेवर असेल तर आधी जमिनीवर घ्यायचा.

मोठ्या माणसाची छाती पाच ते सहा सेंटिमीटर दबली पाहिजे. हे डोळ्यांनी मोजता येत नाही. दुकानात दोन फळ्यांच्या मध्ये मोटारसायकलच्या शॉकअपची स्प्रिंग बसवून पाहिली, गावातल्या पैलवानालाही दबेना. मग जुन्या सोफ्याच्या स्प्रिंगा काढून चार कोपऱ्यांत बसवल्या, आणि पाच सेंटिमीटरवर पत्र्याची पट्टी टेकली की दारावरची बेल वाजेल असं केलं. आता घंटी वाजली तरच दाब धरायचा. पाटी वर पूर्ण येऊ दिली नाही तर घंटी वाजतच राहते, त्यामुळे हात ढिला न सोडणाराही लगेच सापडतो.

२ मार्च

वेग. मिनिटाला शंभर ते एकशे वीस. सगळे मोठ्याने मोजत होते आणि प्रत्येक वेळी विशीनंतर मंदावत होते. कारण कळायला वेळ लागला : एक, दोन, तीन झटपट निघतात, सत्तावीस, अठ्ठावीस म्हणेपर्यंत हात थांबून राहतो. आता एक ते दहा तीनदा मोजतो. भजनी मंडळातल्या काकांनी टाळ धरून ठेका दिला तो एकशे दहाच्या जवळ भरला, मोबाइलवर ताडून पाहिला. गजर रंगात आल्यावरची चाल. तीच पाठ केली.

पैलवान दीड मिनिटात ढेपाळला, घंटी वाजायची बंद. दोन मिनिटांनी माणूस बदलायचा, आणि बदलताना हात थांबू द्यायचा नाही. धाकट्या वहिनी अंगाने किरकोळ, पण कोपर सरळ ठेवून खांदे हातांच्या वर आणतात, त्यांची घंटी शेवटपर्यंत वाजते. मनगटाच्या जोरावर दाबणारे सगळे लवकर गळाले.

९ मार्च

आरोग्य केंद्रातल्या डॉक्टर मॅडम तासभर आल्या. व्हिडिओ बघून शिकलेलं बरंचसं ठीक निघालं, पण एक मोठी गोष्ट आमच्या ध्यानातच नव्हती. हृदय बंद पडल्यावरही माणूस काही वेळ आचके देतो, घरघरतो. आपण म्हणतो “श्वास चालू आहे” आणि बघत बसतो. मॅडमचं सांगणं : हलवून, हाक मारून प्रतिसाद नाही आणि श्वास नेहमीसारखा नाही, तर दाबायला लागा. तीस दाबांनंतर दोन श्वास जमत असतील तर द्या, जमत नसतील तर नुसतं दाबत राहा.

घशात अडकणं : खोकता येत असेल तर खोकू द्यायचं, पाठीत मारायचं नाही. आवाज बंद झाला की पुढे वाकवून दोन्ही खांद्यांच्या पात्यांमध्ये पाच थापा, मग मागून बेंबीच्या वर मूठ धरून आत-वर पाच धक्के, आलटून पालटून. गरोदर बाईला पोटावर नाही, छातीवर. वर्षाच्या आतल्या बाळाचं पोट कधीच दाबायचं नाही; हातावर पालथं घेऊन पाठीत थापा, मग उताणं करून छातीवर दोन बोटांनी दाब. न दिसणारी वस्तू बोट घालून शोधायची नाही, ती आणखी आत जाते. इथे निम्म्या आयांनी आपल्या सासवांकडे पाहिलं.

फिट : तोंडात चमचा नाही, चप्पल नाही, कांदा नाही. डोक्याखाली काहीतरी मऊ, आजूबाजूचं सामान दूर, घड्याळाकडे लक्ष. झटके थांबले की कुशीवर. पाच मिनिटांच्या वर गेली किंवा लागोपाठ दुसरी आली तर गाडी.

छातीत दाटून येणं, घाम, डावा हात किंवा जबडा दुखणं : मॅडमनी अॅस्पिरिनची तीनशेची गोळी चावून खायला द्यायला सांगितलं, पण अॅलर्जी आणि रक्तस्रावाचा त्रास विचारूनच. गोळ्या पेटीत न ठेवता आशाताईकडे दिल्या. माणसाला चालवत फाट्यापर्यंत न्यायचं नाही, हे आमच्याकडे हमखास होतं.

२३ मार्च

गाडी बोलावणं. १०८ ला उगाच फोन करून सराव करायचा नव्हता, ती लाइन कुणाच्या तरी जिवाची असते. म्हणून धुळ्याला राहणाऱ्या भाच्याला फोनवर बसवलं. त्याला गाव माहीत नाही, त्यानेच प्रश्न विचारायचे.

पार फजिती झाली. “मारुतीच्या पाराजवळ”, “आबांच्या खळ्यामागे”, “जुन्या डीपीपाशी” असली उत्तरं. आमच्या नावाचं आणखी एक गाव जिल्ह्यात आहे, ते कुणी सांगितलंच नाही. पहिल्या फेरीत भाच्याने गाडी दुसऱ्याच तालुक्यात पाठवली असती.

आता डेअरीच्या भिंतीवर रंगाने लिहिलंय : गाव, तालुका, जिल्हा, राज्य रस्त्यावरचा फाटा, फाट्यावरची खूण, आणि “आधी नंबर सांगा, फोन ठेवू नका”. फोन एकानेच करायचा. दुसऱ्याने मोटारसायकल घेऊन फाट्यावर उभं राहायचं, रात्री हेडलाइट लावून. रंगाचे दोनशे ऐंशी.

रिक्षावाला पोऱ्या अपघाताला हात लावायला तयार नव्हता. “पोलिसांच्या फेऱ्या कोण मारी भो?” त्याचा घोर खरा होता. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १३४अ कलम आलं : चांगल्या हेतूने अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्यावर दिवाणी-फौजदारी जबाबदारी येत नाही. रुग्णालयात सोडून नाव न सांगता निघून जाता येतं. तालुक्याच्या वकिलांकडून हे एका पानावर लिहून आणलं, तो ते रिक्षात ठेवतो.

२१ एप्रिल

पहिली खरी वेळ. केळीच्या कापणीतला मजूर दुपारी घड खांद्यावर घेऊन चालता चालता भलतीकडेच वळला. बोलणं असंबद्ध, अंग तापलेलं, घाम मात्र होता. त्यामुळे बाकीचे म्हणत होते ऊन लागलेलं नाही, कारण “ऊन लागलं की घाम बंद होतो”. कष्टाच्या कामात लागलेल्या उन्हात घाम असू शकतो. बघायचं ते डोकं ठिकाणावर आहे का. खिशात कांदाही होता त्याच्या.

सावलीत घेतला, सदरा काढला, ठिबकच्या फिल्टरजवळचा पाइप सोडला. आणि पाणी चटका देणारं! काळा पाइप दिवसभर उन्हात पडलेला. मिनिटभर वाहू दिल्यावर गार आलं. मानेवर, काखेत, जांघेत ओलं लुगडं आणि दोघं जण बारदानाने वारा घालत. मुकादम साखर-मिठाचं पाणी पाजायला निघाला होता, त्याला अडवलं. शुद्ध पूर्ण नसताना पाजलेलं पाणी फुप्फुसात जातं. अर्ध्या तासात तो नाव-गाव नीट सांगू लागला, तरीही रुग्णालयात पाठवला. रात्रभर ठेवून घेतलं.

पेटीचं काय? पेटी ग्रामपंचायतीच्या कपाटात, कपाटाला कुलूप, किल्ली शिपायाकडे, शिपाई लग्नाला शिरपूरला. त्या दिवशी पेटीवाचून भागलं. संध्याकाळीच ती डेअरीत हलवली. डेअरी पहाटे आणि संध्याकाळी उघडी. मधल्या वेळेसाठी पिठाच्या गिरणीत छोटी पिशवी. कुलूप कशालाच नाही.

३० एप्रिल

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. माहेरवाशिणी आल्यात, झोके बांधलेत, खापरावर मांडे चाललेत. सगळ्या बाया एका ठिकाणी अशा पुन्हा वर्षभर मिळत नाहीत, म्हणून भाजण्याचं शिकवणं चुलीशेजारीच ठेवलं. मोठ्या वहिनींनी घेतलं, आम्ही पुरुष ओट्यावर.

वीस मिनिटं वाहतं पाणी, एवढंच सांगायचं होतं. पहिलाच प्रश्न : वाहतं पाणी कुठून आणू? नळ दिवसाआड येतो. खरंच होतं. मग करूनच पाहिलं : पिंपातून तांब्याने सावकाश धार धरली तर किती लागतं. वीस मिनिटांत दोन मोठ्या बादल्या संपल्या. खाली घमेलं ठेवून तेच पाणी पुन्हा वापरायचं सुचलं, पण ते कोमट होतं आणि घाण. आणीबाणीत काहीच नसेल तर ठीक. म्हणून मोठ्या स्वयंपाकाच्या दिवशी दोन बादल्या राखून ठेवायच्या.

बर्फ नाही. टूथपेस्ट, हळद, शाई, बटाट्याचा कीस, काही नाही. सूज यायच्या आत बांगड्या, अंगठ्या, जोडवी काढायची. फोड फोडायचा नाही. कपडा चिकटला असेल तर ओढायचा नाही, भोवतीने कापायचा. वर स्वच्छ प्लॅस्टिक फिल्म सैल ठेवायची. एका आजीने टूथपेस्टचा मुद्दा सोडला नाही, “थंड वाटतं ना पण.” थंड वाटतं, पण उष्णता आत कोंडते आणि डॉक्टरला ते खरवडावं लागतं. आजी पटल्यासारख्या दिसल्या नाहीत.

१५ जून

करंट. हा माझा विषय, त्यामुळे जरा लांबला.

सगळे सांगतात “आधी बटण बंद करा”. मळ्यात ते पुरत नाही. स्टार्टर बंद केला तरी त्याच्या पेटीत येणारी केबल जिवंतच असते. पावसाळ्यात पत्र्याच्या पेटीलाच करंट उतरलेला असेल, तर बंद करायला हात लावणारा दुसरा बळी. म्हणून प्रत्येक मळ्यात पेटीच्या आधीचा फ्यूज कुठे आहे ते मालकाशिवाय आणखी दोघांना माहीत हवं. बऱ्याच ठिकाणी फ्यूजच्या जागी तार थेट जोडलेली निघाली. ती दुरुस्त करत फिरलो, सामानाचे पैसे ज्याने त्याने दिले, मजुरी घेतली नाही.

“कोरडी काठी” म्हणतात, पण मळ्यात हाताशी येते ती ओली तुराटी किंवा हिरवा बांबू. त्यातून करंट येतो. जाड पीव्हीसी पाइपाचे दोन-दोन मीटरचे तुकडे पंपघरांच्या आढ्याला टांगले. तुटून पडलेल्या मोठ्या लाइनीपाशी पाइप घेऊनही जायचं नाही. लांब थांबून वीज उपकेंद्राला फोन. करंट सुटल्यावर माणूस उठून बसला तरी त्याला एकदा रुग्णालयात दाखवायचं, हृदयाचे ठोके नंतर बिघडू शकतात.

त्याच दिवशी विहीर. पोहता येतं म्हणून उडी मारायची नाही. दोर आणि ट्रॅक्टरची फुगवलेली ट्यूब टाकायची. वर काढल्यावर पालथं घालून पोट दाबणं, पाय धरून गरगर फिरवणं सोडायचं. पाणी काढण्यात वेळ जातो, त्याला हवी असते हवा : आधी पाच श्वास, मग तीसला दोन.

१३ जुलै

साप. वीज रात्रपाळीची, मोटर चालू करायला माणसं अंधारात जातात. आमच्याकडे चार विषारी : नाग, मण्यार, घोणस, फुरसं. सरकारी रुग्णालयातलं प्रतिविष चौघांवर चालतं, त्यामुळे साप मारून पिशवीत घालून न्यायची गरज नाही. त्यात आणखी एकाला चावतो तो.

शिकवायला सोपं : चिरायचं नाही, चोखायचं नाही, आवळून बांधायचं नाही, पाय हलू द्यायचा नाही, खपच्या लावून क्रेप सैलसर गुंडाळायची, गाडी. करून घ्यायला अवघड, कारण लोक आधी जिभाऊंकडे जातात आणि तिथे तासभर मोडतो. तीन रविवार वाद झाला. जिभाऊंना “तुमचं खोटं” म्हणून चालणार नव्हतं, आणि ते म्हणायचा आमचा अधिकारही नाही. त्यांच्या ओट्यावर कितीतरी माणसं धीर घेऊन गेलीत. तोडगा त्यांनीच काढला : “मी गाडीत बसस. उतारा वाटमा करसू.” आता साप चावल्याचा निरोप आला की ते आधी रिक्षावाल्याला हाक मारतात आणि मग चप्पल घालतात. सोबत जिभाऊ आहेत म्हणून घरचेही ताणत नाहीत.

२९ जुलै

पहाटे तीनला. जमिनीवर झोपलेला पोरगा पोटात दुखतंय म्हणत उठला. सूज नाही, दात उमटलेले नाहीत. आईला वाटलं अपचन, ओवा दिला. मग पापण्या झाकायला लागल्या आणि बोलणं जड झालं. आशाताईने पाहिलं आणि मण्यारच म्हणाली, तिचे दात दिसतही नाहीत कित्येकदा.

रिक्षा चिखलात अडकलेली होती, मोटारसायकलवर नेला : चालवणारा पुढे, पोरगा मध्ये, मागे एक जण त्याला धरून. फाट्यावर १०८ भेटली. जिभाऊंना जागा नव्हती. ते दुसऱ्या गाडीवर मागून गेले आणि रुग्णालयाच्या पायरीवर बसून राहिले. वहीत लिहिलं होतं : दुखायला लागलं कधी, पापणी पडली कधी, उलटी झाली का. डॉक्टरांनी पहिल्यांदा तेच विचारलं. दोन दिवस श्वासाच्या यंत्रावर होता, मग घरी आला.

२४ ऑगस्ट

पोळा झाला, कपाशीवर फवारण्या जोरात. यवतमाळकडे २०१७ साली फवारणीच्या विषबाधेने माणसं गेली, ते सगळ्यांना आठवतं. एका फवारणाऱ्याला उलटी, लाळ, घाम, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीएवढ्या. घरच्यांनी दूध आणलं होतं, ते बाजूला ठेवायला लावलं. उलटी करवायची नाही. कपडे सगळे उतरवले, साबण-पाण्याने केसांसकट धुतलं. धुणाऱ्याने हातमोजे घातले होते, तेही कमी पडले, एकाने डाव्या हातात प्लॅस्टिकची पिशवी बांधून काम केलं. औषधाचा डबा लेबलासकट सोबत पाठवला.

हातमोजे आता जास्तीचे घेतलेत. वापरलेले कपडे घरच्या धुण्यात टाकायचे नाहीत, हे दुसऱ्या दिवशी त्याच्या बायकोचे हात चुरचुरल्यावर कळलं.

१४ सप्टेंबर

कुत्रं, थोडक्यात. साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुणं, तिखट-चुना भरायचा नाही, त्याच दिवशी सरकारी दवाखाना. इंजेक्शनं पहिल्या दिवसानंतर तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. रक्त आलं असेल तर जखमेत सीरमही. अठ्ठाविसाव्या दिवसाचं लोक विसरतात, म्हणून डेअरीच्या दूधवहीत तारीख लिहून ठेवतो. दूध घालायला आला की आप्पा आठवण करतात.

२८ सप्टेंबर

पेटी तपासली. क्रेप पट्ट्या जवळपास संपल्या, साप किंवा मोडलेल्या हाडाला नाही, लचकलेल्या पायांना. लोक नेतात, आणून देत नाहीत. दोन रुंद पट्ट्या शिवून बंद केलेल्या पाकिटात वेगळ्या ठेवल्या, वर लाल अक्षरात “साप”. ओआरएसची चार पाकिटं ओल लागून दगड झाली, फेकली, आता बरणीत. टॉर्चचे सेल काढून ठेवले आणि बाजूला बांधले, आत ठेवून गळाले होते.

सगळा खर्च आजवर चार हजारांच्या आत, त्यातला मोठा भाग पीव्हीसी पाइप आणि हातमोज्यांचा. शेजारच्या गावच्या बचत गटाने घंटीची पाटी मागितली आहे. देण्याआधी सोफ्याची एक स्प्रिंग बदलावी लागेल, डावीकडून पाच सेंटिमीटरच्या आधीच वाजते.